जुने विकर, नवे काम

आक्षेपक : वडिवळ्याच्या धरणाखाली भाताची जी खाचरे उतरत गेली आहेत, त्यांतील मूठभर चिखलात कोट्यवधी जीवाणू नांदत असतात आणि शेतकरी तेथे जे काही फवारतो त्याचा अखेरचा निकाल पुष्कळ अंशी तेच लावतात, हे मला मान्य आहे. परंतु आपले प्रतिपादन याहून फार पुढे जाते. जे रसायन या पृथ्वीवर पूर्वी नव्हते, जे मनुष्याने विसाव्या शतकाच्या मध्यास प्रथम घडविले, तेही मोडणारे विकर, म्हणजे एंझाइम, अवघ्या काही दशकांच्या मुदतीत जीवाणूंच्या ठायी सिद्ध होते, असे आपण म्हणता. माझी बुद्धी अडते ती येथे. विकर हे प्रथिन आहे. तीनचारशे ॲमिनो आम्ले एका विशिष्ट क्रमाने गुंफली जावी, ती साखळी एका विशिष्ट घडीने दुमडली जावी, आणि त्या घडीच्या पोटात चारसहा आम्ले अशी समोरासमोर यावी की त्यांच्यामध्ये सापडलेल्या रेणूचा बंध तुटावा, तेव्हा कोठे त्याचे कार्य सुरू होते. वीस प्रकारच्या आम्लांनी तीनशे जागा भरण्याचे जितके प्रकार संभवतात, त्यांच्यापुढे दृश्य विश्वातील अणूंची संख्याही नगण्य ठरते. उत्परिवर्तनाला तर दृष्टी नाही. ते कोणत्याही जागी कोणताही फेरफार करते. मग या अफाट राशीतून नेमका उपयोगी क्रम इतक्या अल्पावधीत हाती लागतो तो कसा?

प्रतिपादक : आपला हिशेब बिनचूक आहे, पण तो ज्या गृहीतावर उभा आहे ते टिकण्यासारखे नाही. नव्या कामासाठी निसर्ग दर खेपेस कोऱ्या कागदापासून आरंभ करतो, असे आपण धरून चालता. वस्तुतः प्रत्येक जीवाणूपाशी विकरांचा मोठा संच वारशाने आलेला असतो, आणि त्यांतील पुष्कळशी विकरे आपल्या मुख्य कामाखेरीज इतर काही रेणूंवरही, अत्यंत मंद गतीने का होईना, क्रिया करीत असतात. गावचा कुलकर्णी जमाबंदीचे दफ्तर राखण्यासाठी नेमलेला असे. पण लेखणी त्याच्याच हाती असल्यामुळे अडल्यानडल्याची पत्रेही तोच लिहून देई. विकराची ही दुय्यम क्रिया त्याच जातीची आहे. १९७६ साली रॉय जेन्सन यांनी हा विचार सूत्ररूपाने मांडला : आदिम विकरे संख्येने थोडी होती, प्रत्येक अनेक रेणूंवर काम करी, आणि आजची काटेकोर विकरे त्या सैल पूर्वजांपासून विशेषीकरणाने निघाली. त्या सैलपणाचा अंश अद्याप उरला आहे, याची साक्ष आपल्या रक्तातच मिळते. पॅराऑक्सोनेज नावाच्या विकराला ते नाव मिळाले, कारण पॅराथिऑन या कीटकनाशकापासून शरीरात उत्पन्न होणारे पॅराऑक्सॉन हे विष ते तोडते. परंतु ते विष जगात येण्यापूर्वी कित्येक लक्ष वर्षे हे विकर सस्तन प्राण्यांत होतेच. इस्राएलमधील वाइझमन संस्थेत दान तौफीक आणि त्यांचे सहकारी यांनी २००५ मध्ये दाखवून दिले की, लॅक्टोन नावाचे वलयाकार रेणू उघडणे हे त्याचे मूळचे काम आहे. विष तोडण्याचा गुण त्याच्या अंगी आनुषंगिक आहे. तेव्हा नैसर्गिक निवडीला विश्वभर शोध घ्यावा लागत नाही. तिला शेजारच्या दोनचार घरांतच शोधायचे असते.

आक्षेपक : कुलकर्णी पत्र लिहितो तेव्हा आपण पत्र लिहीत आहोत हे त्याला ठाऊक असते, आणि उद्या पत्रलेखनाचेच काम वाढले तर तो हात वळवून घेईल. विकराला ना हेतू, ना सराव. त्याच्या अंगी असलेली ही आनुषंगिक क्रिया मुख्य क्रियेच्या हजाराव्या किंवा लक्षाव्या अंशाइतकी असते. आता निवड तर केवळ परिणामावर चालते : ज्या फेरफाराने जीवाणूची संतती वाढते तो टिकतो, बाकीचे लोपतात. जी क्रिया इतकी क्षीण आहे की तिच्याने जीवाणूच्या पोटात घासही पडू नये, ती निवडीच्या नजरेस येणार कशी? प्रयोगशाळेच्या काचपात्रात एखादा सूक्ष्म गुण मोजता आला, म्हणून शेताच्या चिखलात त्याला काही किंमत होती असे सिद्ध होत नाही. मला शेतातला दाखला हवा.

प्रतिपादक : तो भातशेतीतलाच देतो, आणि मावळाशी त्याचे नातेही आहे. या भागात जो इंद्रायणी भात पिकतो, तो वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्राने आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून सिद्ध केला व १९८७ मध्ये शेतकऱ्यांच्या हाती दिला. त्यांपैकी आयआर ८ ज्या संस्थेचे वाण, त्या फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत एन. सेतुनाथन आणि टोमियो योशिदा यांनी १९७३ मध्ये एका जीवाणूची नोंद केली. डायझिनॉन हे कीटकनाशक घातलेल्या भातखाचराच्या पाण्यातून तो वेगळा काढलेला होता, आणि तो डायझिनॉनच नव्हे तर पॅराथिऑनही मोडीत असे. त्याच्या अंगचे फॉस्फोट्रायएस्टरेज हे विकर पुढे बारकाईने तपासले गेले तेव्हा असे दिसले की, दोन धातुअणूंच्या साहाय्याने ते पॅराऑक्सॉन इतक्या वेगाने तोडते, की पाण्यात दोन रेणूंची गाठ पडण्यालाच जो काळ लागतो त्याहून फारसा अधिक त्याला लागत नाही. विष दुसऱ्या महायुद्धाच्या सुमाराचे, आणि त्यावरचे विकर जवळजवळ पूर्णत्वास पोहोचलेले! याचे सगोत्र शोधता ती पुन्हा लॅक्टोन तोडणारी विकरे निघाली, आणि त्यांच्यात विष तोडण्याचा क्षीण गुण आढळला. आपण विचारता, क्षीण गुणाला किंमत काय? भुकेच्या दिवसांत चिमूटभर धान्यालाही किंमत असते. ज्या पाण्यात शेजाऱ्यापाशी काहीच नाही, तेथे अत्यल्प मिळकत असलेला जीवाणूही इतरांपेक्षा किंचित अधिक वाढतो, आणि निवडीला तेवढा फरक पुरतो.

आक्षेपक : दाखला भारदस्त आहे, हे मी कबूल करतो, परंतु त्यातून आपण काढता त्याच्या उलट अर्थही निघतो. अमेरिकेत सापडलेल्या एका निराळ्याच जीवाणूत विष तोडणारे जे जनुक मिळाले, त्याचा क्रम फिलिपाइन्समधील जनुकाशी हुबेहूब जुळला. दोन खंडांत दोनदा स्वतंत्रपणे तोच शेकडो अक्षरांचा मजकूर लिहिला गेला, असे तर आपण म्हणणार नाही. म्हणजे शोध एकदाच लागला आणि त्याची नक्कल जीवाणू-जीवाणूंत वाटली गेली. मग शोध सुलभ आहे याचा हा पुरावा ठरत नाही. तो दुर्मीळ आहे, आणि दुर्मीळ असूनही त्याची वाटणी त्वरेने होते, एवढेच यातून सिद्ध होते. याखेरीज एक अडचण आहे. विकर एकच आणि कामे दोन. लॅक्टोन तोडणे जीवाणूला आवश्यक असेल, तर विषाकडे झुकणारा प्रत्येक फेरफार जुन्या कामाला बाध आणील. जुने काम सांभाळावे तर नवे सुधारत नाही, नवे सुधारावे तर जुने बुडते. या कोंडीतून सुटका कोणती?

प्रतिपादक : पहिल्या मुद्द्यावर आपण अर्धे खरे बोललात. ते जनुक उड्या मारणाऱ्या जनुकखंडांच्या सोबतीने फिरले, हे सर्वमान्य आहे. परंतु चीनमधील जीवाणूंत मिथाइल पॅराथिऑन तोडणारे जे विकर सापडले त्याची घडी सर्वस्वी निराळी आहे, त्याचे कुळच वेगळे आहे. त्याचे सगोत्र पेनिसिलिनासारखी प्रतिजैविके निकामी करणाऱ्या काही विकरांत आढळतात. एकाच जातीच्या विषासाठी दोन असंबद्ध घराण्यांतून दोन विकरे निघाली, तेव्हा शोध अगदीच एकमेवाद्वितीय म्हणता येत नाही. दुसऱ्या अडचणीचे उत्तर जनुकाच्या द्विरावृत्तीत आहे. सुसुमु ओनो यांनी १९७० मध्ये प्रतिपादन केले की, जनुकाची जादा प्रत निर्माण झाली म्हणजे एक प्रत जुने काम चालवते आणि दुसरी फेरफारांना मोकळी होते. यावर रास्त शंका अशी निघाली की, निरुपयोगी जादा प्रत नवा गुण येईपर्यंत टिकावीच का? तिचे समाधान डॅन अँडरसन, जॉन रॉथ आणि त्यांचे सहकारी यांनी २०१२ मध्ये प्रत्यक्ष प्रयोगाने केले. साल्मोनेला जीवाणूत त्यांनी असे विकर घेतले की जे हिस्टिडीन आणि ट्रिप्टोफान या दोन्ही ॲमिनो आम्लांच्या निर्मितीतील दोन टप्पे निकृष्टपणे का होईना पार पाडी, आणि दोन्ही आम्ले बाहेरून देणे बंद केले. विकर दुबळे असल्यामुळे ज्या जीवाणूंत जनुकाच्या अधिक प्रती झाल्या ते लगेच पुढे गेले; प्रती टिकल्या त्या उपयोगी म्हणूनच. पुढे तीन हजार पिढ्यांच्या आत काही वंशांत एक प्रत एका कामात तरबेज झाली आणि दुसरी दुसऱ्या. म्हणजे नवे काम आधी येते, जादा प्रत नंतर, आणि विशेषीकरण सर्वांत शेवटी. हा क्रम ध्यानी घेतला की आपली कोंडी सुटते.

आक्षेपक : क्रमाचाच विषय निघाला, तर माझा मुख्य आक्षेप क्रमाविषयीच आहे. पिंपरीस १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पेनिसिलीन या देशात बनू लागले. पुढे त्या औषधाची नवीनवी भावंडे आली आणि जीवाणूंची विकरे त्यांच्यामागे लागली. अशाच एका विकराचा अभ्यास डॅनियल वाइनराइख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केला. सेफोटॅक्सिम या औषधाविरुद्ध जीवाणूचा प्रतिकार सुमारे एक लक्षपटींनी वाढविणारे पाच फेरफार त्यांनी घेतले. पाच फेरफार एकामागून एक येण्याचे १२० क्रम संभवतात. त्यांपैकी १०२ क्रम निवडीला बंद निघाले, कारण वाटेत कोठे ना कोठे अशी पायरी येते की जिच्यावर प्रतिकार वाढत नाही किंवा घटतो. जो फेरफार अखेरीस हितकर, तोच आधी आला तर निरुपयोगी. शिवाय क्रियास्थानातील बहुतेक फेरफार प्रथिनाची घडी कमकुवत करतात. दोनतीन एकत्र आले की साखळी दुमडतच नाही. तेव्हा शेजारच्या घरांत शोधायचे, हे आपले म्हणणे मान्य केले, तरी त्या घरांची दारे बहुतांशी बंद आहेत. मग आपली आशा कशाच्या आधारावर उभी आहे?

प्रतिपादक : अठरा दारांच्या आधारावर. वाट एक उघडी असली तरी प्रवास घडतो. आणि आपण सांगितलेल्या त्याच विकरात असाही एक फेरफार ज्ञात आहे की जो स्वतः नवे काम करीत नाही, पण घडी बळकट करून इतरांचा भार सोसण्यास तिला समर्थ करतो. परंतु या वाटेवर मधल्या पायऱ्या खरोखर असतात की नाही, याचे उत्तर पुण्यातच शोधले गेले आहे. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सी. जी. सुरेश, अर्चना पुंडले आणि त्यांचे सहकारी यांनी इंग्लंडमधील यॉर्क विद्यापीठातील संशोधकांसह १९९९ मध्ये पेनिसिलीन व्ही ॲसिलेज या विकराची स्फटिकरचना प्रसिद्ध केली. हे विकर पेनिसिलीनची बाजूची साखळी कापते. उरणाऱ्या गाभ्यापासून नवी पेनिसिलिने बनवता येतात. त्याची घडी आणि क्रियास्थान पाहता त्याचे नाते निघाले ते आतड्यातील जीवाणूंच्या पित्तलवण तोडणाऱ्या विकराशी. एक औषधाचा रेणू कापते, दुसरे आपल्या पित्तातील. पण दोघांतही साखळीच्या अगदी आरंभीचे सिस्टीन हेच कापण्याचे मुख्य साधन आहे आणि दोघेही एकाच प्रकारचा बंध तोडतात. याच गटाने २००६ मध्ये आतड्यातील बिफिडोबॅक्टेरियमच्या विकराची रचना दिली, आणि त्या घराण्यातील तीन विकरे समोरासमोर ठेवली, तेव्हा समान रेणूंवरील त्यांच्या क्रियेत एकदम तुटलेली दरी न दिसता चढउताराची श्रेणी दिसली. पेनिसिलीन आणि पित्त यांच्यामध्ये उतरती पायवाट आहे, कडा नाही.

आक्षेपक : पायवाट म्हणता, ती आज जिवंत असलेल्या चुलतभावांची रांग आहे. चुलतभावांची उंची चढत्या क्रमाने लावली म्हणून आजोबांचा इतिहास मिळत नाही. प्रत्येक विकर आपापल्या परिस्थितीत स्वतंत्रपणे बदलत आले असेल. हा आक्षेप आपण कसाबसा दूर केलात तरी याच्या मागे दुसरा उभा आहे. आपली सर्व उदाहरणे जुन्या घडीच्या डागडुजीची आहेत. लॅक्टोन तोडणाऱ्याने विष तोडले, पित्त तोडणाऱ्याने पेनिसिलीन. पण पहिली घडी, जिच्या पोटात पहिला बंध तुटला, ती कोठून आली? कीफ आणि शोस्टाक यांनी २००१ मध्ये ऐंशी ॲमिनो आम्लांच्या सुमारे सहा लक्ष कोटी यादृच्छिक साखळ्यांतून एटीपी या रेणूला धरून ठेवणारी प्रथिने शोधली. हिशेब निघाला तो दर दहा हजार कोटींमागे एक. आणि हे नुसते धरणे, तोडणे नव्हे. मूळ भांडवल जर इतके विरळ असेल, तर वारशाचा आपला सिद्धान्त वारसा कोठून आला हे सांगत नाही. तो प्रश्न एक पिढी मागे ढकलतो.

प्रतिपादक : पहिल्या आक्षेपाला उत्तर आहे, दुसऱ्याला अर्धेच. चुलतभावांवरून पूर्वजाचा क्रम अनुमानाने रचून, ते प्रथिन प्रत्यक्ष बनवून तपासण्याची रीत आता रूढ झाली आहे. नोबुहिको तोकुरिकी आणि त्यांचे सहकारी यांनी २०१९ मध्ये मिथाइल पॅराथिऑनच्या विकराचा पूर्वज अशाच रीतीने उभा केला. तो डायहायड्रोकुमारिन नावाचा लॅक्टोन तोडणारा निघाला, आणि त्याला कीटकनाशकाचे विकर बनविण्यास पाच फेरफार आवश्यक आणि पुरेसे ठरले. हा आजोबांचाच दाखला होय. पहिल्या घडीविषयी मात्र मी अधिक नम्रतेने बोलेन. हिस्टिडीनच्या मार्गातील पिंपाच्या आकाराची दोन विकरे तपासता, प्रत्येकाचे दोन अर्धे एकमेकांशी इतके मिळतेजुळते निघाले की, लहान अर्ध्या पिंपाच्या द्विरावृत्तीतून हे पिंप जोडले गेले असावे, असे मानण्यास बळकट आधार आहे. म्हणजे घड्याही लहान तुकड्यांपासून जोडल्या जातात. पण ते लहान तुकडे प्रथम कसे आले, हे यातून निघत नाही. आणि जे निघत नाही ते निघते असे मी म्हणणार नाही.

आक्षेपक : आपण हे मोकळेपणाने सांगितले, म्हणून मीही माझे मत कोठवर सरकले ते सांगतो. आंधळा शोध अशक्य आहे, हा माझा पहिला आक्षेप मी मागे घेतो. शोध आंधळा असला तरी त्याचा आरंभबिंदू आंधळा नसतो. परंतु आपण सांगितलेल्या त्याच २०१९ च्या अभ्यासात एक गोष्ट आहे की जिच्यामुळे माझी चिंता वाढते. तेच पाच फेरफार दुसऱ्या, किंचित वेगळ्या कीटकनाशकांवर मोजले, तेव्हा फेरफारांचे परस्परसंबंध पार बदलून गेले. रेणूचा एक कोपरा बदलला की वाटांचा सगळा नकाशा बदलतो. मग पुढच्या रसायनासाठी वाट उघडी आहे की नाही, हे आधी सांगता येणार कसे? डीडीटीचे अवशेष दशकानुदशके मातीत आणि प्राण्यांच्या चरबीत राहिले. तेथे पॅराथिऑनइतका तत्पर निकाल लागला नाही. शिवाय जीवाणूला लाभ झाला तरच निवड चालते. विष अत्यल्प प्रमाणात पसरलेले असेल तर ते मोडून त्याला काहीच मिळत नाही, आणि त्या अत्यल्प प्रमाणातही माणसाला अपाय होऊ शकतो. वडिवळ्याचे पाणी कुंडलिकेतून इंद्रायणीस मिळते आणि इंद्रायणीच्या काठी देहू आहे, आळंदी आहे. माती सर्व काही पचवील, या विश्वासावर त्या पाण्यात काहीही सोडण्याची मुभा आपला सिद्धान्त देऊ लागला, तर तो सिद्धान्त खरा असूनही घातक ठरेल.

प्रतिपादक : ती मुभा तो देत नाही, आणि कोणी त्याचा तसा उपयोग केला तर मी आपल्याच बाजूने उभा राहीन. उलट त्यातून सावधगिरीची कसोटी निघते. नवे रसायन शेतात नेण्यापूर्वी विचारावे की, त्याच्यासारखा बंध जुन्या कोणत्या विकराच्या ओळखीचा आहे काय, आणि तो मोडून जीवाणूला काही मिळते काय? दोन्हींचे उत्तर नकारार्थी असेल, तर ते रसायन मातीवर सोपविणे म्हणजे पुढच्या पिढ्यांवर सोपविणे होय. भारत सरकारने २०१८ मध्ये डायझिनॉन आणि मिथाइल पॅराथिऑन या दोहोंवर बंदी घातली. त्यामुळे उलट दिशेचा प्रश्नही उपस्थित होतो : विष गेल्यावर त्याचे विकर टिकते, लोपते, की जुन्या कामाकडे परतून तो गुण पुन्हा क्षीण रूपाने सांभाळते? तिसरी गोष्ट घडत असेल, तर आज माणसाने केलेली प्रत्येक चूक मातीच्या भांडवलात भर टाकीत आहे, आणि हे भांडवल वाढते आहे, असे मी मानतो.

आक्षेपक : आणि मी मानतो की ते मर्यादित आहे, कारण क्षीण गुणही घडीच्या आकाराने बांधलेले असतात, आणि घड्यांच्या जाती उत्क्रांतीने फार पूर्वीच निश्चित केल्या. आपला वाद आता नवे काम येते की नाही, हा उरला नाही. ज्या शिलकेतून ते येते ती खर्चाबरोबर वाढते की घटते, आणि आपण बनवीत असलेल्या रेणूंचा वेग तिच्या वाढीहून अधिक आहे की कमी, हा तो वाद आहे. याचा निकाल तर्काने लागणार नाही. भातखाचरांतील मातीत कोणती विकरे कोणत्या क्षीण गुणांसह आहेत, याची मोजणी वर्षानुवर्षे करावी लागेल. आणि ती होईपर्यंत पुराव्याचा भार रसायन बनविणाऱ्यावर राहील, मातीवर नव्हे.